टँकर मागवा

आमच्या गावातले पाण्याचे नियम चांगल्या मनाच्या माणसांनी एकत्र बसून केले, असं आता बाहेरची माणसं सांगतात. कॉलेजची मुलं येतात, तलावाच्या बांधावर उभी राहून फोटो काढतात आणि माझ्या अक्काला विचारतात, हे सगळं तुम्हाला सुचलं कसं. अक्का त्यांना ताक देते आणि नुसती हसते. खरं काय ते मला माहीत आहे, कारण ते नियम कागदावर मी उतरवले, आणि एका माणसाची चांगली जिरवावी म्हणून उतरवले. त्यातून गावाचं भलं झालं असेल तर होवो. माझं त्याला काही म्हणणं नाही.

गाव चेन्नईबाहेर, ओरगडमच्या पलीकडं. मोटारी बनवणारे कारखाने संपले, कामगारांची वसतिगृहं संपली, की एक फाटा आत वळतो, आणि दोन वळणांनंतर एकदम भाताची शेतं दिसायला लागतात. माझी थोरली बहीण, अक्का, आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि तिनं तिथं सव्वा एकर शेत घेतलं. लग्न केलं नव्हतं, कुणाला विचारायचं नव्हतं. आम्ही तंजावरकडचे मराठी. चेन्नईत आमच्यातले लोक कारकून, शिक्षक, डॉक्टर असं सगळं झाले, पण शेती म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी कावेरीकाठच्या कुठल्याशा जमिनीच्या गप्पा, ज्या जमिनीवर कुणी पाय ठेवलेला नाही. अक्कानं खरंखुरं शेत घेतल्यावर नातेवाइकांना वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

मलाही तसंच वाटलं होतं. मी चेन्नईत अंबत्तूरला राहते, तिथल्याच एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात माझी सगळी नोकरी झाली, आणि मातीत पाय घालायची मला कधी हौस नव्हती. पण अक्काला तिथं बघितलं की बरं वाटायचं. साडी वर खोचून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती बांधाबांधानं फिरायची, आणि शाळेत मुलांची हजेरी घ्यावी तशी एकेका वाफ्याकडं बघायची. तिच्यासाठी ते शेत म्हणजे विरंगुळा नव्हता, तिचं सगळं आयुष्यच तिथं येऊन उभं राहिलं होतं.

त्या भागात नदी नाही, कालवा नाही. पावसाळ्यात वाहून येणारं पाणी मातीच्या लांब बांधानं अडवायचं, त्या तलावाला तिथं एरी म्हणतात. बांधात दगडी मोरी असते, ती उघडली की पाटानं पाणी शेतांत जातं. मोरी उघडायचं आणि बंद करायचं काम एका घराण्याकडं असतं. त्या माणसाला नीरकट्टी म्हणतात, आणि सुगीनंतर प्रत्येक घरानं त्याला भात द्यायचं अशी पद्धत. एरीचं पाणी संपत आलं की ज्याच्या त्याच्या विहिरीवर शेवटची दोन-तीन पाणी द्यायची. अक्काच्या शेतात जुनी, दगडानं बांधलेली विहीर होती, आणि तिचं पाणी कधी आटलं नव्हतं असं सगळे सांगायचे.

आता त्या माणसाकडं येते. त्याचं शेत अक्काच्या शेताला लागून, मोरीच्या अगदी तोंडाशी. म्हणजे एरीचं पाणी सुटलं की पहिलं त्याला. वयानं माझ्याएवढाच असेल. अंगानं भरलेला, पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा. अक्काला तो ‘टीचर, टीचर’ करायचा. देवळाच्या उत्सवाला पाणी तो पुरवायचा, लग्नघरी पाणी तो पाठवायचा. पाणी त्याच्याकडं कुठून येतं हे विचारायची गरज कुणाला वाटत नव्हती, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं खोल बोअर मारली होती, आणि वसतिगृहांना टँकर भरून द्यायचा.

आधी दिवसाला एखादा टँकर असायचा. मग बांधावरनं रांग लागायला लागली. बांधाची माती चाकांखाली दबून दोन चर पडले. अक्का मला फोनवर सांगायची, मी म्हणायचे, तक्रार कर. ती म्हणायची, शेजारी आहे.

पोंगलच्या आधीचे दिवस होते. अक्काचं भात निसवत होतं, म्हणजे नेमकं दाणा भरायच्या वेळी, आणि विहिरीत बादली सोडली तर चिखल वर आला. एरीचं पाणी त्याआधीच मोरीच्या खाली गेलेलं. एकच पाणी पाहिजे होतं तिला, एकदाच शेत ओलं व्हायला. मी त्या रविवारी नेमकी तिथंच होते. अक्का पायांत चप्पल घालून त्याच्याकडं गेली, मी तिच्या मागं. तो बोअरजवळ खुर्ची टाकून बसला होता, समोर टँकर भरत होता, पाइपातनं पाणी इतकं सांडत होतं की आमच्या पायांखाली चिखल झालेला. अक्कानं सांगितलं, एवढं एक पाणी द्या, पुढच्या सुगीला तुमचं काय असेल ते बघू.

तो उठून उभा राहिला. अगदी आदरानं. आणि म्हणाला, “टँकर मागवा ना, टीचर. तुमच्यासाठी कमी लावू.”

तो थट्टा करत होता असंही नाही. त्याला ते खरंच वाटत होतं, आपण हिला सवलत देतोय. अक्कानं मान हलवली आणि वळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच उभी राहून त्याच्याकडं बघत राहिले, आणि मनात ठरवून टाकलं की ह्या माणसाशी आता एक शब्द बोलायचा नाही, आणि बोलायची वेळ आलीच तर हेच शब्द त्याला परत द्यायचे.

भात गेलं. दाणे हातात चोळले की नुसता भुसा उडायचा. अक्कानं ते कापून गुरांना घातलं आणि दोन दिवस जेवली नाही. रडली वगैरे नाही. ती रडली असती तर मला इतका राग आला नसता.

मी अंबत्तूरला परत आले आणि सूड घ्यायच्या कल्पना करत बसले. बांधावर खिळे टाकायचे. टँकरच्या डिझेलमध्ये साखर घालायची. त्याच्या वेष्टीवर कुणाकडून तरी शेण टाकवायचं. निवृत्त बाईला वेळ भरपूर असतो, आणि मला झोप कमी. पण आयुष्यभर मी जे काम केलं ते नोटिसा लिहिण्याचं. उशिरा येणाऱ्याला, मशीन मोडणाऱ्याला, कँटीनमध्ये भांडणाऱ्याला, सगळ्यांना मी नोटिसा लिहिल्या. खिळे वगैरे आपल्याला जमणार नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण नियम कसा लिहायचा ते मला कळत होतं. नियम असा लिहावा की ज्याच्यासाठी लिहिलाय त्यानं ऐकताना मान डोलवावी.

मग मी दर रविवारी गावी जायला लागले. दोन बस बदलाव्या लागतात. अक्काला वाटलं मी तिच्या सोबतीला येते. मी खरं म्हणजे चहाच्या टपरीवर बसायला जात होते, कारण तिथं नीरकट्टी बसायचा.

हा म्हातारा माझ्यापेक्षा जास्त डूख धरून होता. बोअरी आल्यापासून लोकांनी त्याला भात देणं बंद केलं होतं. मोरी उघडायला बोलवायचे, पण सुगीला त्याचं नाव कुणाला आठवायचं नाही. आणि त्या वेष्टीवाल्यानं एकदा चारचौघांत त्याला म्हटलं होतं, नळ फिरवायला कशाला माणूस लागतो. म्हातारा ते वाक्य मला दर रविवारी नव्यानं सांगायचा, आणि दर वेळी चहा थंड करायचा. आम्हां दोघांचं चांगलं जमलं.

त्यानंच मला दाखवलं की बोअर त्या माणसाच्या शेतात नाहीच. ती बांधाच्या आतल्या अंगाला आहे, एरीच्या पोटात. पाणी ओसरलं की ती जागा उघडी पडते, आणि ती कुणाच्याच मालकीची नाही, गावाची आहे. सगळं गाव तिच्यावरनं चालत जायचं. कुणी बोलायचं नाही, कारण उत्सवाचं पाणी सगळ्यांनी प्यायलं होतं.

जुन्या पद्धतीही त्यानंच सांगितल्या. उन्हाळ्यात एरी कोरडी पडली की प्रत्येक घरानं एक माणूस गाळ काढायला पाठवायचा. तो गाळ ज्यानं त्यानं आपल्या शेतात टाकायचा. उन्हाळी हंगामात भात लावायचं नाही, उडीद किंवा तीळ. पाऊस कमी झालेल्या वर्षी पाणी शेवटच्या शेतापासनं द्यायचं, आणि मोरीच्या तोंडाशी असलेल्याला सगळ्यात शेवटी. हे ऐकल्यावर मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“शेवटी?” मी विचारलं.

“शेवटी,” म्हातारा म्हणाला. “वरच्यानं आधी प्यायलं तर खालच्याला काय राहणार? माझ्या बापाच्या वेळी असंच होतं. ज्याचं झालं त्यानं फावडं पुढच्याला नेऊन द्यायचं. फावडं हातात आल्याशिवाय पाट फोडायचा नाही.”

एकच फावडं, सगळ्या शेतांना. ज्याची पाळी त्याच्या हातात. मला ते दृश्य डोळ्यांसमोर दिसलं. अक्का फावडं घेऊन उभी आहे, आणि तो माणूस आपल्या शेताच्या तोंडाशी हात पसरून. मी तिथंच, टपरीच्या बाकावर, लिहायला सुरुवात केली.

मसुदा अक्काला वाचून दाखवला. तिनं चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला. माझं मराठी पुण्याकडच्या सासरनं धुऊन-पुसून दिलेलं आहे, अक्काचं मात्र अजून आमच्या आईसारखंच, सगळ्याला ‘अस्कं’ म्हणणारं.

“हा नियम नव्हे गे,” ती म्हणाली. “ही शिवी आहे.”

मी लिहिलं होतं की ज्यानं पाणी गावाबाहेर विकलं त्याला पाच वर्षं मोरीचं पाणी नाही. ज्याची बोअर एरीच्या पोटात आहे त्यानं ती स्वतःच्या हातानं उपटावी. ज्यानं बांधावरनं टँकर नेले त्यानं बांध दुरुस्त करावा. एकेका ओळीत तोच एक माणूस.

“एका माणसासाठी केलेला नियम तो माणूस मेला की मरतो,” अक्का म्हणाली. “लिहायचं तर अस्क्या गावासाठी लिही. मज पण त्यात घे.”

“तुला कशाला?”

“मी पण उन्हाळ्यात भात लावलं होतं. दोनदा.”

आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, ज्यानं तुझं पीक मारलं त्याच्याबरोबर तू स्वतःला एका रांगेत उभी करतेस. तिनं ऐकलं आणि लाल पेन घेऊन, पोरांचे निबंध तपासावेत तशी, माझी वाक्यं खोडत गेली. पाच वर्षं खोडलं. ‘स्वतःच्या हातानं’ खोडलं. कुणाचीही बोअर असो, एरीच्या पोटात नको. कुणीही असो, उन्हाळ्यात भात नको. शेवटच्या शेतापासनं पाणी हा नियम मात्र तिनं ठेवला, आणि मग हसली.

“त्याला शेवटी नेलंस, मज शेवटून दुसरी केलीस. आमची शेतं लागून आहेत, बघितलंस ना?”

मी बघितलं नव्हतं. सुडाच्या भरात एवढं सुटलं होतं. पण मी म्हटलं चालेल. तो शेवटी असणार असेल तर आम्ही शेवटून दुसरे चालू. दोन गोष्टी मात्र मी तिला खोडू दिल्या नाहीत. पिण्याच्या पाण्याखेरीज कुठलाही टँकर वेशीच्या आत येणार नाही, भरायलाही नाही आणि ओतायलाही नाही, कारण बांध खचतो. आणि फावड्याचा नियम. तो मी अगदी मन लावून लिहिला. ज्याची पाळी संपली त्या घरच्या माणसानं फावडं स्वतः न्यावं, पुढच्यानं आपल्या शेताच्या तोंडाशी उभं राहून ते दोन्ही हातांनी घ्यावं, आणि देणाऱ्यानं पाणी सोपवल्याचं तोंडानं सांगावं. दोन्ही हातांनी, हे माझं.

ग्रामसभा मे महिन्यात झाली, शाळेच्या पत्र्याखाली, घामाच्या धारांत. तो पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. पंचायतीची प्रेसिडेंट, एक तरुण बाई, एकेक नियम वाचत गेली. गाळ काढायचा, त्यानं मान डोलवली. उन्हाळ्यात उडीद, त्यानं मान डोलवली. फावड्याचा नियम वाचल्यावर तर तो उठून म्हणाला की आपल्या वाडवडिलांची चांगली पद्धत आहे, परत आणायलाच हवी. नीरकट्टी माझ्याकडं बघून इतका खूश झाला की मला तोंड फिरवावं लागलं.

मग बोअरचा नियम आला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्याची मान थांबली. मला वाटलं आता संपलं सगळं, उत्सवाचं पाणी आडवं येणार. पण मागं बसलेल्या बायकांतली एक उठली. तिच्या गल्लीतला हातपंप त्या वर्षी नुसती हवा देत होता, आणि तिला पाण्यासाठी पार शाळेपर्यंत यावं लागायचं. तिनं एवढंच विचारलं, “एरीचं पाणी वसतिगृहात आंघोळीला जातं, मग माझ्या पंपात काय येणार?” तिच्या मागनं दुसरी उठली, मग तिसरी. बायका उठायला लागल्यावर पुरुषांना हात वर करावे लागले.  

बोअरचा पाइप वर ओढला तो दिवस मी चुकवला नाही. पाइप वर येत होता, येतच होता, एवढा खोल गेला होता तो. नीरकट्टी विनाकारण सगळ्यांना हुकूम सोडत होता. मी बस स्टँडवर गरम बज्जी घेतल्या आणि बसमध्ये सगळ्या एकटीनं खाल्ल्या.

पण मला जे हवं होतं ते मिळालं नव्हतं. त्याचा चेहरा पडलेला मला बघायचा होता, आणि तो पडलाच नाही. त्यानं टँकर विकून टाकला, ओरगडमला पोराच्या नोकरीचं बघितलं, आणि पुन्हा शेतात उतरला. उन्हाळ्यात गाळ काढायला तो स्वतः आला. टोपली डोक्यावर घेऊन अक्काला म्हणाला, “टीचर, हा गाळ काय सोनं आहे, तुमच्या शेतात जास्त टाका.” मी बांधावर छत्री धरून बसले होते. त्यानं मलाही हात जोडले. मी एरीकडं बघितलं.

आता माझी सगळी मदार पावसावर होती. शेवटच्या शेतापासनं पाणी, हा नियम फक्त कमी पावसाच्या वर्षी लागणार. चेन्नईत पाणी तुंबलं की लोक हळहळतात, मी गॅलरीत उभी राहून आभाळाला म्हणायचे, यंदा जरा हात आखडता घे. पहिल्या वर्षी तर इतका पाऊस झाला की एरी भरून सांडली. कुणाला पाळी नाही, कुणाला फावडं नाही, सगळ्यांची शेतं भरलेली. अक्काचं पीक उत्तम आलं आणि मी चिडून होते. तिनं मला पिशवीभर तांदूळ दिला. मी तो घरी आणून ठेवला आणि महिनाभर पिशवी उघडली नाही.

त्यानंतरच्या वर्षी पाऊस कमी झाला. एरी अर्धीच भरली. नोव्हेंबर सरता सरता नीरकट्टीनं दवंडी दिली की पाळ्या लागणार, खालनं वर. अक्काचा फोन आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आधी तिचं पुढचं ऐकलंच नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती ओसरीच्या पायऱ्याही उतरत नव्हती.

“पाणी लावायला मजूर आहे,” ती म्हणाली. “पण फावडं द्यायला घरचं माणूस लागतं. तूच लिहिलंस. ये.”

घरचं माणूस म्हणजे मीच होते. देणाऱ्यानं तोंडानं सांगावं, हेही मीच लिहिलं होतं. ज्या माणसाशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, त्याच्याशी बोलायला माझ्याच नियमानं मला उभं केलं. फोन ठेवून मी थोडा वेळ स्वतःवर चरफडले. मग माझ्या लक्षात आलं की हे तर फारच बरं झालं. दोन वर्षं जपून ठेवलेले शब्द मला स्वतःलाच त्याच्या तोंडावर मारता येणार होते.

मी कपाटातनं चांगली कांचीपुरम साडी काढली. चिखलात जायला रेशमी साडी कुणी नेसत नाही, मी नेसले.

दुपारी तीनच्या सुमारास अक्काच्या शेताचं भागलं. पाणी बांधाच्या काठाला लागलं, मजुरानं पाट बंद केला, आणि नीरकट्टीनं फावडं माझ्या हातात दिलं. जड होतं. एका हातात फावडं, एका हातात निऱ्या धरून मी बांधानं चालत गेले. म्हातारा मागनं येत होता. त्याला हे चुकवायचं नव्हतं.

तो उभा होता. आपल्या शेताच्या तोंडाशी, बरोबर जिथं उभं राहायचं लिहिलंय तिथं. त्याचं भात निसवत होतं. दाणा भरायच्या वेळी रोप पाण्याविना कसं दिसतं हे मला अक्काच्या शेतात बघून माहीत होतं, आणि ते तसंच दिसत होतं. पानांची टोकं वळलेली. जमिनीला बारीक भेगा. तो थकल्यासारखा दिसत होता. मला बघितल्यावर त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून कमरेला बांधला आणि दोन्ही हात पुढं केले.

मी फावडं लगेच दिलं नाही. त्या हातांकडं नीट बघून घेतलं.

“पाणी तुमच्याकडं आलं,” मी म्हणाले. “बघून घ्या.”

फावडं त्याच्या हातात गेलं. त्यानं ते कपाळाला लावलं. मग एरीच्या दिशेनं बघत, अगदी हलक्या आवाजात त्यानं विचारलं, “पुरेल ना, अम्मा? सगळ्यांचं होऊन शेवटचा मी. पुरेल ना माझ्यापर्यंत?”

ह्यापेक्षा चांगली संधी मला सात जन्मांत मिळाली नसती.

“नाही पुरलं तर टँकर मागवा,” मी म्हणाले.

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. आता पडेल, आता पडेल. नीरकट्टीचा श्वास मला मागनं ऐकू येत होता. त्या माणसानं माझ्याकडं वळून बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला दिसली ती दया. शहरातनं आलेल्या, गावचं काही माहीत नसलेल्या बाईबद्दल वाटावी तशी.

“कसा मागवणार, अम्मा?” तो समजावून सांगायला लागला. “आपल्या गावात तसा नियम आहे. पिण्याचं सोडून कुठलाच टँकर वेशीच्या आत घ्यायचा नाही. भरायलाही नाही, ओतायलाही नाही. बांध खचतो ना.”

माझं वाक्य होतं ते. शब्दान् शब्द. त्यानं ते असं म्हटलं की जणू त्याच्या आजोबांनी त्याला शिकवलं होतं. एवढं सांगून तो वेष्टी वर बांधून पाटात उतरला, आणि फावड्यानं माती ओढायला लागला. मी माझ्या रेशमी साडीत बांधावर उभी. नीरकट्टी एका झाडाआड जाऊन खोकत होता. तो खोकला नव्हता, हसू होतं.

घरी आले तेव्हा अक्का ओसरीवर पाय लांब करून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ती हसायला लागली ती गुडघा धरूनच.

“त्याला आठवत नाही,” मी म्हणाले. “तुला काय बोलला होता, त्याला आठवतच नाही. मी दोन वर्षं जळतेय, आणि तो मला माझाच नियम शिकवतो.”

“नसेल आठवत.”

“तुला तरी आठवतं का?”

अक्काचं हसू थांबलं. तिनं पदरानं डोळे पुसले, हसून आलेलं पाणी.

“मज अस्कं आठवतं,” ती म्हणाली. “तो कुठल्या खुर्चीवर बसला होता ते पण. पण मज पुढल्या वर्षी भात पिकवायचं होतं गे. तुज फक्त त्याला बघायचं होतं.”

मी साडीच्या काठाला लागलेला चिखल खरवडत बसले. पाणी पुरलं का ते बघायला मला त्या संध्याकाळी कुणी पाठवलं नव्हतं, पण परत जाण्याआधी मी बांधाला वळसा घालून गेले. पुरलं होतं. उन्हाळ्यात कुणी भात लावलं नाही, एरीत गाळ नव्हता, टँकर नव्हते, त्यामुळं अर्ध्या भरलेल्या एरीचं पाणी पार शेवटच्या पाळीच्या, त्याच्या शेतातही पोचलं होतं. तो त्यात उभा होता, पोटऱ्यांपर्यंत, आणि एकटाच कुणाशी तरी फोनवर बोलत हसत होता.

पोंगलला त्याच्याकडनं अक्काकडं नव्या तांदळाची पिशवी आली, वर उसाचा तुकडा. अक्कानं आमचा तांदूळ बाजूला ठेवला आणि नैवेद्याला त्याचाच भात घातला. मला वाढला. मी ठरवलं होतं की खायचा नाही, पण सणाच्या दिवशी पान टाकायचं नसतं, म्हणून खाल्ला.

दाणा भरलेला होता. चवीला चांगला होता. हे मात्र मी त्याला कधीच माफ करणार नाही.